जुनी एमजी, घरचं गॅरेज (भाग ६) : लेशाफ्टची चुगली

एमजीबीचा गिअरबॉक्स गाडीच्या खालून निघत नाही. तो ज्या बोगद्यात बसवलेला असतो तो मोनोकॉक सांगाड्याचाच भाग, आणि इतका अरुंद की इंजिन हलल्याशिवाय बॉक्सला सरकायला जागाच मिळत नाही. म्हणून मागच्या आठवड्यात आपण इंजिन आणि गिअरबॉक्स जोडलेलेच ठेवून, तिरके करून, बॉनेटच्या तोंडातून वर काढले. क्रेन, सुटलेले पाइप, फरशीवर पसरलेलं तेल, कुंपणापलीकडून डोकावणारे शेजारी, सगळं पार पडलं. आता बॉक्स बेंचवर आहे आणि हात पान्याकडे जाणार, हे ठरलेलंच. जरा थांबा.

बेंचवर आलेला गिअरबॉक्स फारसं काही सांगत नाही. जे सांगायचं ते त्यानं रस्त्यावरच सांगितलेलं असतं, म्हणून इंजिन काढण्याआधीच्या शेवटच्या फेरफटक्यात कान उघडे ठेवून केलेली टिपणं आता समोर हवीत. त्यांचा अर्थ लावायचा तर आत काय फिरतं ते आधी पाहू.

आपली गाडी १९७१ची. एमजीबी १९६२मध्ये आली आणि ऑक्टोबर १९८०मध्ये ॲबिंग्डनचा कारखाना बंद होईपर्यंत बनत राहिली. पाच लाखांवर गाड्या झाल्या. १९६७पर्यंतच्या गाड्यांत पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर गुंतण्याआधी गती जुळवणारी सोय) नव्हता. मार्क टूपासून चारही पुढच्या गिअरना आला. आपल्याकडे हा दुसरा, चार सिंक्रोचा बॉक्स आहे. पहिल्या प्रकारातले काही भाग वेगळे, पण निदानाची रीत तीच.

आत तीन मुख्य शाफ्ट. क्लचकडून येतो तो फर्स्ट मोशन शाफ्ट. त्याच्याच रेषेत मागे, चाकांकडे जाणारा मेनशाफ्ट. आणि या दोघांच्या खाली, तेलात निम्मा बुडालेला लेगिअर, म्हणजे एकाच तुकड्यात कोरलेल्या लहानमोठ्या गिअरांची माळ. लेगिअर ज्या आसावर फिरतो तो लेशाफ्ट. हा मात्र स्वतः फिरत नाही, कवचात घट्ट बसलेला असतो. दोघांच्या मध्ये सुईसारखे बारीक रोलर.

पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनची सगळी ताकद वरून खाली लेगिअरमध्ये उतरते आणि पुन्हा वर मेनशाफ्टवर चढते. चौथ्यात मात्र दोन्ही वरचे शाफ्ट एकमेकांत थेट गुंततात. लेगिअर तेव्हाही फिरतो, पण बिनओझ्याचा. इतकं लक्षात ठेवलं की आवाजाचा पत्ता काढणं सोपं. पहिल्या तीन गिअरांत घरघर आणि चौथ्यात शांतता असेल तर नव्वद टक्के संशय लेशाफ्टवर. गाडी न्यूट्रलमध्ये उभी, पाय क्लचवरून काढलेला, तेव्हा आवाज येतो आणि क्लच दाबला की थांबतो? मग फर्स्ट मोशन शाफ्टचं बेअरिंग किंवा पुन्हा लेशाफ्टच, कारण क्लच दाबल्यावर हे दोन्ही थांबतात. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर गिअरबॉक्सला दोष देऊ नका; तो क्लच रिलीज बेअरिंगचा आहे. या गाडीत ते बेअरिंग म्हणजे छर्ऱ्यांचं नव्हे, चक्क कार्बनचं कडं. सिग्नलला गिअर टाकून क्लच दाबून उभं राहायची सवय त्याला पार झिजवते. चारही गिअरांत, वेगाबरोबर चढत जाणारी गुणगुण मेनशाफ्टच्या मागच्या बेअरिंगकडे बोट दाखवते.

आपल्या टिपणांत दोन नोंदी होत्या: दुसऱ्या आणि तिसऱ्यात घरघर, चौथ्यात नाही, आणि तिसऱ्यातून दुसऱ्यात उतरताना करकर. पहिली चुगली लेशाफ्टची, दुसरी सिंक्रोची.

लेशाफ्ट का खराब होतो, याचं उत्तर मला दर वेळी चिडवतं, कारण ते यंत्रात नसून गालिच्याखाली असतं. या बॉक्सचं तेल तपासायची डिपस्टिक बऱ्याच गाड्यांत बोगद्यावरचा कार्पेट उचलून, रबरी बूच काढून मग हाती लागते. (पुढच्या काळात बाजूला बूच देऊन गाडीखालून तेल पाहायची सोय केली, म्हणजे आणखी गैरसोय.) जे दिसत नाही ते कोण पाहतं? तेल थेंब थेंब गळत राहतं, पातळी उतरते, आणि लेगिअरच्या रोलरांना मिळणारं तेल आधी कमी पडतं. सगळ्यात जास्त ओझं वाहणारा भाग सगळ्यात आधी कोरडा.

उघडताना बॉक्सच्या मागे जोडलेला ओव्हरड्राइव्ह, म्हणजे जादा उंच गिअर देणारा भाग, वेगळा करून, स्वच्छ कापडात गुंडाळून बाजूला ठेवा. तो पुढच्या आठवड्यासाठी. मग बाजूचं झाकण, सिलेक्टरचे दांडे आणि काटे. दांडे ओढताना प्रत्येकाच्या खाचेत स्प्रिंगनं दाबलेला एक बॉल दडलेला असतो आणि दांडा सुटला की तो बंदुकीतून सुटल्यासारखा जातो. भोकावर बोट ठेवा. पुढे सिंक्रोचे हब उघडताना तर हेच तीन बॉल आणि तीन स्प्रिंगांचं होतं. अख्खा हब पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आतल्या आत सरकवावा, म्हणजे जे उडेल ते पिशवीतच राहील. हब आणि त्यावरची सरकती बाही यांना वेगळं करण्याआधी दोघांवर खूण करा. वर्षानुवर्षं एकमेकांशी घासून त्यांची जोडी जमलेली असते, ती मोडायची नसते.

खरी युक्ती लेशाफ्ट काढण्यात. तो ठोकून बाहेर काढला की लेगिअर कवचाच्या तळाशी उतरतो, आणि तो खाली उतरल्याशिवाय वरचे शाफ्ट बाहेर येत नाहीत. पण सरळ ठोकला तर सगळे बारीक रोलर विखुरतात. म्हणून लेशाफ्टच्याच जाडीचा, पण लेगिअरइतक्याच लांबीचा एक डमी दांडा करून घ्यायचा. पितळेचा, पोलादाचा, अगदी चांगल्या लाकडाचाही चालतो. डमीनं लेशाफ्टला मागून ढकलत बाहेर काढायचं. डमी आत राहतो, रोलर जागच्या जागी, आणि लेगिअर दांड्यासकट खाली बसतो. परत जोडताना हीच गोष्ट उलटी. वर्कशॉप मॅन्युअलमध्ये या कामाचं खास अवजार दाखवलेलं असतं. घरच्या माणसाला लेथवाल्याकडून कापून आणलेला तुकडा पुरतो.

हातात आलेला लेशाफ्ट पुसून उजेडात फिरवा. जिथे रोलर फिरत होते तिथे दोन पट्टे दिसतील. नुसते चकाकत असतील तर ठीक. आपल्या लेशाफ्टवर एका पट्ट्यात मात्र बारीक खड्डे पडले होते आणि एका कडेला पृष्ठभागाचा पापुद्रा सुटला होता. बोटाच्या पोटाला ते कळत नाही. नख ओढलं की अडतं. नख अडलं म्हणजे वरचा कठीण थर फुटला, आणि असा शाफ्ट परत घालणं म्हणजे पुढच्या हंगामात पुन्हा इंजिन काढणं. लेशाफ्ट आणि रोलर नवे घ्या. इथे इंग्लंडमध्ये एमजीबीचे सुटे भाग मुबलक मिळतात. १९८८पासून तर अख्खे नवे बॉडीशेलही बनू लागले. पण नकली स्वस्त लेशाफ्टचा मला राग आहे. पुरेसा कठीण न केलेला शाफ्ट नवाकोरा दिसतो आणि फार लवकर नख अडवतो. घेताना कानस त्याच्या टोकाला, म्हणजे जिथे रोलर फिरत नाहीत तिथे, हलकेच घासून पाहा. कानस सहज चावली तर तो परत करा. लेगिअर स्वतः महाग असतो. त्याचे दाते शाबूत असतील आणि आतली बैठक गुळगुळीत असेल तर उगाच बदलू नका.

आता सिंक्रो, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण गिअरबॉक्सचं सगळं शहाणपण त्या पितळी रिंगेत आहे. सिंक्रो पहिल्यांदा १९२८मध्ये कॅडिलॅकनं आणला. त्याआधी गिअर बदलणं ही कसरत होती. जुन्या ट्रकवर शिकलेल्या ड्रायव्हरांना डबल क्लच मारताना पाहिलं असेल, तर ती कसरत कशासाठी होती ते ठाऊक असेल. दोन वेगवेगळ्या गतीनं फिरणारे भाग एकमेकांत गुंतवायचे असतील तर आधी त्यांची गती सारखी करावी लागते. चालत्या एसटीत चढणारा माणूस आधी बसच्या बरोबरीनं चार पावलं पळतो, तसं. सिंक्रोची रिंग हे पळणं गिअरच्या वतीनं करते.

रिंगेच्या आतली बाजू शंकूसारखी तिरकी, आणि गिअरवरचा भागही तसाच तिरका. तुम्ही काठी ढकलली की रिंग त्या शंकूवर दाबली जाते, घर्षणानं गिअरची गती खाली किंवा वर आणते, आणि गती सारखी होईपर्यंत बाहीला पुढे जाऊ देत नाही. रिंगेच्या आतल्या बारीक खाचांचं काम मधला तेलाचा थर कापून बाहेर ढकलण्याचं. खाचांच्या धारा झिजून सपाट झाल्या की तेल तिथेच राहतं, रिंग घसरते, बाही गती जुळण्याआधीच पुढे जाते आणि दात्यावर दाते आपटतात. तीच ती करकर.

तपासणी सोपी आहे. रिंग गिअरच्या शंकूवर ठेवून अंगठ्यांनी दाबा आणि फिरवून पाहा. चांगली रिंग पकडते, झिजलेली घसरते. मग रिंग आणि गिअरच्या दात्यांमधली फट फीलर गेजनं मोजा आणि तीच फट नव्या रिंगेशी ताडून पाहा. झिजलेली रिंग शंकूवर खोल जाते, म्हणून फट उरत नाही. आपल्या दुसऱ्या गिअरच्या रिंगेखाली सगळ्यात पातळ पात्यालाही जेमतेम वाट मिळाली. तिसऱ्या-चौथ्याच्या रिंगा त्या मानानं बऱ्या होत्या. तरी चारही बदलल्या. बॉक्स उघडा असताना चार रिंगा बदलणं स्वस्त पडतं. गिअर सटकून न्यूट्रलला येत असेल तर मात्र रिंगेकडे नव्हे, बाहीच्या आणि गिअरच्या दात्यांच्या टोकांकडे पाहा. टोकदार असावेत ते गोलावलेले असतील तर ती दुखणी रिंगेनं बरी होत नाहीत.

जोडताना सगळं काम स्वच्छतेचं आणि मोजमापाचं. लेगिअरच्या दोन्ही टोकांना थ्रस्ट वॉशर असतात आणि लेगिअर पुढेमागे किती हलावा हे त्यांच्या जाडीवर ठरतं: इंचाच्या दोन ते तीन हजारांश, म्हणजे मिलिमीटरच्या आठव्या-नवव्या भागाइतकंही नाही. वेगवेगळ्या जाडीचे वॉशर मिळतात. कवचात लेगिअर एकटा बसवून आधी हे मोजून घ्यावं, मगच बाकीचं. घाईत ‘हलत नाही ना, झालं’ म्हणणारे लोक फार घट्ट वॉशर बसवतात आणि ते तापून करपतात. सगळी ऑइल सील आणि गॅस्केट नवीच घाला. सर्क्लिप पुन्हा वापरायचा मोह आवरा.

झाकणं लावण्याआधी एक परीक्षा घ्यायची, आणि ती मला फार आवडते. पहिला गिअर टाका, आउटपुटवर खडूनं खूण करा आणि फर्स्ट मोशन शाफ्ट हातानं फिरवा. आउटपुटची एक फेरी पुरी व्हायला फर्स्ट मोशन शाफ्ट साडेतीन फेऱ्यांना किंचित कमी फिरला पाहिजे, कारण या बॉक्सचं पहिलं गुणोत्तर ३.४४ आहे. दुसऱ्याला दोनहून जरा जास्त, तिसऱ्याला १.३८, चौथ्याला बरोबर एक. रिव्हर्सला आउटपुट उलटा. कुठल्याही टप्प्यावर सगळं जाम झालं तर दोन गिअर एकदम पडलेत. सिलेक्टर पुन्हा उघडा. बॉक्स परत बोगद्यात गेल्यावर हे कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

राहिला तेलाचा वाद, ज्यावर एमजीवाले तासन्‌तास भांडू शकतात. कंपनीनं या गिअरबॉक्ससाठी इंजिनाचंच २०डब्ल्यू-५० तेल सांगितलं होतं, आणि मी तेच घालतो. डिफरन्शिअलसाठीचं जीएल-५ तेल ‘गिअर ऑइल’ या नावानं मिळतं म्हणून इथे ओतू नये. त्यातले गंधक आणि फॉस्फरस असलेले पदार्थ दात्यांवरचा प्रचंड दाब झेलण्यासाठी असतात, पण पितळेला चावू शकतात. शिवाय ते तेल फार निसरडं असतं. रिंगेला हवी असलेली पकडच मिळत नाही. आणि ओव्हरड्राइव्ह गिअरबॉक्सचंच तेल वापरतो, त्यात घर्षणाचा शंकू आहे, तोही घसरणार. बॉक्सला साधारण तीन लिटर लागतं, ओव्हरड्राइव्ह असेल तर थोडं जास्त. भरल्यावर गाडी थोडी चालवा, थांबा, आणि पातळी पुन्हा पाहा, कारण ओव्हरड्राइव्हच्या पोटातही तेल गेलेलं असतं.

पहिले काही शे मैल झाले की हे तेल काढून टाका. पांढऱ्या थाळीत ओता आणि त्यातून चुंबक फिरवा. चुंबकाला करड्या मळीचा लेप लागेल. नवे भाग जुळताना तेवढं येतंच. तेलात सोनेरी कणांची हलकी झाक म्हणजे रिंगा शंकूवर बसत आहेत. पण चुंबकाला लागलेला कण बोटांनी चोळल्यावर टोचला, तर बेअरिंग किंवा दाते तुटत आहेत, आणि गाडी तिथेच उभी करायची. आपल्या थाळीत नुसता लेप निघावा, टोचणारं काही नसावं, आणि दुसऱ्यात उतरताना करकर नसावी, एवढीच अपेक्षा.

पुढच्या आठवड्यात कापडात गुंडाळलेला ओव्हरड्राइव्ह उघडू. त्यातली बहुतेक दुखणी आत नसून वायरिंगमध्ये असतात, म्हणून पान्याआधी मल्टिमीटर काढून ठेवा.