जन्मतःच निकामी मूत्रपिंडं : निदान राहून जाऊ नये म्हणून

पोटात असताना बाळाचं रक्त शुद्ध करण्याचं काम वार आणि आईची मूत्रपिंडं करतात. बाळाची मूत्रपिंडं तेव्हा वेगळ्या कामात असतात. ती पाणी तयार करतात. गरोदरपणाच्या मध्यापासून बाळाभोवतीचं गर्भजल ही मुख्यतः त्याचीच लघवी असते आणि त्या पाण्याच्या आधाराने त्याची फुप्फुसं वाढतात. सोनोग्राफीत ‘पाणी कमी’ दिसण्याची कारणं अनेक आहेत. त्यातलं एक गंभीर कारण म्हणजे बाळाची मूत्रपिंडं काम करत नसणं. असं बाळ जन्मलं की बहुधा आधी श्वासाने हरतं. शिकागोच्या डॉक्टर एडिथ पॉटर यांनी १९४६ मध्ये दोन्ही मूत्रपिंडं नसलेल्या बाळांच्या चेहऱ्याचं आणि न वाढलेल्या फुप्फुसांचं वर्णन केलं. आजही त्या लक्षणसमूहाला त्यांचंच नाव आहे.

मराठवाड्यात बाळंतपण अवघड झालं की ‘घाटीत न्या’ म्हणतात. छत्रपती संभाजीनगरचं हे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ पासूनचं. शहरात आता खासगी रुग्णालयांचेही नवजात अतिदक्षता विभाग आहेत. जालना, बीड, परभणीकडून आलेलं असं बाळ काचेच्या पेटीत दोन दिवस झुंजतं आणि जातं. कागदावर श्वसनाचं कारण नोंदलं जातं. घरी मात्र ग्रहणात सुनेने काय चिरलं, याची चौकशी सुरू होते. यातल्या अनेक आजारांचं मूळ आता जनुकापर्यंत सापडलेलं आहे. ते शोधलं नाही, तर मूल गमावलेल्या बाईच्या वाट्याला दुःखासोबत दोषही येतो, म्हणून हा आढावा.

दोष कोणत्या जनुकात?

यातला सर्वांत परिचित आजार म्हणजे अप्रभावी वारशाचा बहुपुटी मूत्रपिंड विकार. डॉक्टर त्याला एआरपीकेडी म्हणतात. जगभरात साधारण २०,००० जन्मांमागे एका बाळाला तो होतो. सहाव्या गुणसूत्रावरच्या पीकेएचडी१ या जनुकात दोष असतो. हे जनुक २००२ मध्ये सापडलं. त्याचं प्रथिन, फायब्रोसिस्टिन, मूत्रनलिकांच्या पेशींवरच्या सूक्ष्म केसांशी निगडित आहे. ते बिघडलं की नलिका फुगत जातात आणि दोन्ही मूत्रपिंडं पोटभर वाढतात. यकृतातही तंतू साठतात. सगळीच बाळं जात नाहीत. जी पहिला महिना ओलांडतात, त्यांतली अनेक मोठी होतात. पण रक्तदाब, यकृत आणि पुढे डायलिसिस किंवा प्रत्यारोपण यांची तयारी ठेवावी लागते.

दुसरा आजार जन्मजात नेफ्रोटिक सिंड्रोम. यात लघवी होते, पण तिच्यातून प्रथिनं वाहून जातात. बाळ पहिल्या तीन महिन्यांतच सुजतं आणि जंतुसंसर्गाला बळी पडतं. फिनलंडमध्ये हा ८,००० ते १०,००० जन्मांमागे एक इतका आढळतो. कार्ल ट्रिगवासन यांच्या गटाने १९९८ मध्ये एनपीएचएस१ हे जनुक शोधलं. मूत्रपिंडाच्या गाळणीतला नेफ्रिन हा घटक त्यातून बनतो. पाठोपाठ २००० मध्ये एनपीएचएस२ सापडलं. या शोधाचा उपयोग थेट खाटेपाशी आहे. मोठ्या मुलांची सूज बहुधा स्टिरॉइडने उतरते. या बाळांत गाळणीच जन्मतः अपुरी असल्याने स्टिरॉइड निरुपयोगी ठरतं. जनुक कळलं की बाळाची त्यातून सुटका होते आणि अल्ब्युमिन, पोषण, पुढे प्रत्यारोपण असा मार्ग आखता येतो.

तिसरा आजार दुर्मीळ, पण शिकवणारा आहे. रक्तदाब सांभाळणाऱ्या रेनिन-अँजिओटेन्सिन साखळीतलं एखादं जनुक दोन्हीकडून बिघडलेलं आलं, तर गर्भाच्या मूत्रनलिका नीट घडतच नाहीत. हे २००५ मध्ये कळलं. एनालाप्रिल, लोसार्टनसारखी रक्तदाबाची औषधं हीच साखळी अडवतात. म्हणून गरोदरपणात ती घेतल्यास अगदी असंच चित्र उद्भवू शकतं. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या स्त्रीने दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना सांगावं.

प्रत्येक जन्मजात मूत्रविकार असा वारशाने येत नाही. मुलांमधला मूत्रमार्गातला पडदा बहुधा त्या बाळापुरताच असतो. आनुवंशिक आणि इतर यांत फरक करणं, हेच निदानाचं पहिलं काम.

वाहकांचा हिशेब आणि आपली नाती

वरचे तिन्ही आजार अप्रभावी आहेत. आई आणि वडील दोघांकडे सदोष जनुकाची एकेक प्रत असते आणि दोघेही ठणठणीत असतात. दोन्ही सदोष प्रती एकाच बाळात आल्या तरच आजार होतो. ही शक्यता चारात एक. दोष एकट्या आईकडून येऊच शकत नाही. ‘एक गेलं, आता पुढची तिन्ही सुखरूप’ हेही खरं नाही. चारात एक हा हिशेब प्रत्येक गरोदरपणी नव्याने सुरू होतो.

एआरपीकेडीचे वाहक साधारण सत्तरात एक धरतात. दोन अनोळखी माणसांचं लग्न झालं, तर बाळाला आजार होण्याची शक्यता सुमारे २०,००० मध्ये एक. तेच लग्न मामाच्या मुलीशी झालं, तर गणिताने ती सुमारे २,००० मध्ये एक होते, म्हणजे दहापट. मामा-भाचीच्या लग्नात सुमारे १,००० मध्ये एक. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी महाराष्ट्राला उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या नातेव्यवस्थांमधला सांधा म्हटलं. इथे मामाची मुलगी चालते, आत्याची बहुधा चालत नाही. गोत्राचा नियम बापाच्या वंशापुरता आहे, आईकडचं रक्त तो पाहत नाही. तरीही २,००० मधली १,९९९ बाळं या आजारातून सुटतात. नात्यातल्या जोडप्याला दूषण देण्याऐवजी लग्नाआधी किंवा दिवस राहण्याआधी सल्ला मिळाला पाहिजे.

नात्यात लग्न नसलं तरी पिढ्यान्पिढ्या जातीतच सोयरिक होत आली आहे. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचे के. थंगराज आणि हार्वर्डचे डेव्हिड राइख यांच्या गटांनी २०१७ मध्ये दक्षिण आशियातल्या २६० हून अधिक समूहांचा अभ्यास मांडला. त्यातल्या ८१ समूहांत मोजक्या पूर्वजांचा ठसा फिनिश लोकांपेक्षाही ठळक निघाला. फिनलंडने आपला नेफ्रोटिक आजार ओळखला, मोजला, गर्भावस्थेत तपासला. आपल्याकडे ते काम बाकी आहे.

जांभळ्या टोपणाची नळी

बाळ वाचणार नाही असं दिसू लागतं, तेव्हा त्याचं दोन मिलिलिटर रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत घेऊन डीएनए जपता येतो. तेही शक्य नसेल, तर फिल्टर पेपरवर वाळवलेले रक्ताचे थेंब चालतात. आईवडिलांनी सावरायला वेळ घेतला, तरी तपासणी नंतर होऊ शकते. नमुना नसेल, तर फक्त आईवडिलांच्या रक्तावरून अंदाज बांधावा लागतो आणि उत्तर अनेकदा अर्धवट राहतं. पीकेएचडी१ हे प्रचंड लांब जनुक आहे. त्यातले काही बदल निरुपद्रवी की घातक, हे बाळाचा नमुना असला की ठरवणं सोपं जातं. दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचांची जीनोमइंडिया प्रकल्पाची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली झाली. तिच्यामुळे असे निकाल वाचणं आता अधिक नेमकं होईल.

आणखी एक अडचण आपल्या रीतीतली आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं सासरी. पहिल्या बाळाची सोनोग्राफी आणि कागद परभणीत राहतात, दुसऱ्या वेळी डॉक्टर बीडचे. दोन मृत्यूंमधला धागा कुणालाच दिसत नाही. ती फाइल आईबरोबर सासरी गेली पाहिजे.

कायदा आणि आधार

गर्भाची कोणतीही तपासणी कायद्याने बंद आहे, असा समज आपल्या भागात घट्ट आहे. त्याला कारणही आहे. २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. लिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्येच कायदा केला, देशाचा कायदा १९९४ मध्ये आला. त्याची कडक अंमलबजावणी हवीच. पण तोच कायदा नोंदणीकृत केंद्रात आनुवंशिक आजारासाठी गर्भतपासणीला परवानगी देतो. कुटुंबातला दोष नक्की ठाऊक असेल, तर अकराव्या आठवड्यानंतर वारेचा अंश किंवा सोळाव्याच्या सुमारास गर्भजल घेऊन उत्तर मिळतं. गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने २४ आठवड्यांनंतरही गर्भपाताची मुभा २०२१ च्या दुरुस्तीने दिली. गर्भ ठेवायचा की नाही, हे आईवडिलांनी ठरवायचं. ठेवायचा ठरला, तर बाळंतपण अतिदक्षता विभाग असलेल्या ठिकाणी आधीच ठरवता येतं.

२०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात एआरपीकेडीचा उल्लेख प्रत्यारोपणाने उपचार होऊ शकणाऱ्या आजारांत आहे. नेमलेल्या केंद्रांमार्फत ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. मुंबईचं केईएम रुग्णालय हे त्यातलं एक केंद्र. संभाजीनगराहून तिथवर पोचायला मात्र आधी निदानाचा कागद लागतो.

म्हणून मागणी साधी आहे. मराठवाड्यातल्या प्रत्येक नवजात अतिदक्षता विभागात असं बाळ दगावण्याआधी नमुना जपण्याचा नियम व्हावा. आईवडिलांना एकत्र बसवून दोष दोघांकडून समान आल्याचं मराठीत समजावणारा समुपदेशक घाटीत असावा. आनुवंशिक तपासणीचा खर्च गरीब कुटुंबासाठी शासनाने उचलावा. त्यातून गेलेलं बाळ परत येणार नाही. पण त्याच्या आईला पुढचा निर्णय माहितीच्या बळावर घेता येईल आणि तो तिचा हक्क आहे.