रक्तातले पहारेकरी

डेंग्यूच्या साथीत आपण सगळेच एक शब्द शिकलो : प्लेटलेट. त्या कमी झाल्या की घरचे घाबरतात. पण त्या गरजेपेक्षा जास्त उतावळ्या झाल्या तर? हा प्रश्न मला यंदाच्या उन्हाळी सुट्टीत पडला.

माझे आजोबा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. बारा वर्षांपासून त्यांना मधुमेह आहे. एका सकाळी वर्तमानपत्र वाचताना ते म्हणाले, "बाळा, मधल्या ओळी पुसल्यासारख्या का दिसतायत रे?" डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, की साखरेमुळे डोळ्याच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्या आहेत. शाळेत परतल्यावर मी जीवशास्त्राच्या सरांना गाठले आणि ग्रंथालयात बसून वाचले. जे समजले ते असे.

प्लेटलेट म्हणजे रक्तबिंबिका. त्या अस्थिमज्जेत तयार होतात आणि सात ते दहा दिवस जगतात. रक्ताच्या एका सूक्ष्म थेंबात, म्हणजे एका घन मिलिमीटरमध्ये, त्या साधारण दीड ते साडेचार लाख असतात. त्यांचे काम पहारेकऱ्याचे. रक्तवाहिनीला जखम झाली, की त्या तिथे चिकटतात, एकमेकींना बोलावतात आणि भोक बुजवतात. एरवी त्यांना शांत ठेवण्यासाठी रक्तवाहिनीचे आतले अस्तर नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन हे पदार्थ सोडत असते.

मधुमेहात हा बंदोबस्त बिघडतो. सततच्या जास्त साखरेने अस्तर दुखावते, शांत ठेवणारे पदार्थ कमी पडतात. रक्तबिंबिका मात्र थ्रॉम्बॉक्सेन हा गुठळीला चालना देणारा पदार्थ जास्त बनवतात. शत्रू नसताना धोक्याची घंटा वाजावी, तशा त्या जखम नसतानाही गोळा होतात. मोठ्या वाहिनीत अशी बारीकशी गुठळी वाहून जाईल; पण केशवाहिनी इतकी अरुंद, की तांबड्या पेशीही एकामागून एक, एका रांगेत जातात. तिथे वाट अडते. त्यातच केशवाहिनीची भिंतही आजाराने जाड झालेली असते. पडद्याचा तेवढा भाग प्राणवायूविना राहतो. मग तिथे नव्या, नाजूक वाहिन्या फुटतात आणि त्यांतून रक्त झिरपते. मूत्रपिंडातल्या आणि पायांच्या नसांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्याही अशाच आजारी पडतात.

फोनवर हे ऐकून आजोबांनी लगेच विचारले, "मग रक्त पातळ करायची गोळी घेऊ का?"

प्रश्न बरोबर होता, उत्तर अनपेक्षित. अमेरिकेत १९८० च्या दशकात ३,७११ मधुमेही रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला. रोज ६५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन देऊनही पडद्याचा आजार वाढायचा थांबला नाही. उलट ब्रिटनमध्ये १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, साखर काटेकोर ताब्यात ठेवणाऱ्यांमध्ये बारीक रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका २५ टक्क्यांनी कमी आढळला. म्हणजे नुसत्या पहारेकऱ्याला झोपवून भागत नाही; त्याला बिथरवणारी साखर आवरावी लागते. हृदयासाठी ॲस्पिरिन घ्यायची की नाही, हे डॉक्टरच ठरवतील.

आजोबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे चहातली साखर आजपासून बंद." आता ते रोज सकाळी फिरायला जातात आणि दर तीन महिन्यांनी रक्ततपासणी करतात. गेलेल्या ओळी पूर्ण परत येतील असे डॉक्टर म्हणत नाहीत. उरलेल्या वाचवायच्या आहेत.

मित्रांनो, तुमच्याही घरी कोणाला मधुमेह असेल, तर येत्या सुट्टीत एकच विचारा : "डोळ्याचा पडदा शेवटचा कधी तपासला?" वर्षातून एकदा ही तपासणी हवीच, कारण सुरुवातीला काहीच जाणवत नाही. आम्हीही बारा वर्षांत ते कधी विचारले नव्हते.