पातळ पत्र्याचे प्लाझ्मा-कर्तन आणि उष्णतेने येणारा वाक

एक मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा प्लाझ्माच्या ज्योतीने कापला. रेषा सरळ आली, कडही स्वच्छ निघाली. परंतु निवल्यावर पत्रा टेबलावर सपाट बसेना. मधला भाग फुगलेला. बोटाने दाबावा तर टक् असा आवाज करून तो खाली जातो आणि दुसरीकडे वर येतो. पुष्कळ कारागीर याचा दोष पत्र्याला देतात. खरा दोष बहुधा असमान तापण्याचा असतो.

एक मीटर लांबीची पोलादी पट्टी १०० अंश सेल्सिअसने तापविली, तर ती सुमारे १.२ मिलिमीटरने लांब होते. ती सर्वत्र सारखी तापली व सारखीच निवली, तर पूर्ववत् होते. प्लाझ्मा-कर्तनात तसे घडत नाही. चिंचोळ्या तोटीतून निघणाऱ्या आयनीभूत वायूच्या झोताचे तपमान सुमारे २०,००० अंशांपर्यंत जाते. फटीलगतची अरुंद पट्टी अतिशय तापते, बाजूचा पत्रा थंडच राहतो. तापलेली पट्टी लांब होऊ पाहते; थंड पत्रा तिला तसे होऊ देत नाही. साध्या पोलादाचे प्रसरण असे पूर्णपणे अडविले, तर अवघ्या शंभरेक अंशांच्या वाढीतच त्याची स्थितिस्थापकतेची मर्यादा संपते. पुढे ती पट्टी जागच्या जागी दबते आणि निवताना मूळच्यापेक्षा आखूड होऊन शेजारच्या पत्र्यास ओढते. जाड पाट ही ओढ सोसतो. पत्र्याची जाडी निम्मी केली, की त्याला पोक आणण्यास चौथा हिस्साच प्रतिबल पुरते.

तेव्हा पत्र्यात शिरणारी उष्णताच कमी केली पाहिजे. बारीक छिद्राची तोटी, कमी अँपिअरचा प्रवाह आणि जलद गती ही त्याची साधने होत. पत्रा नाजूक म्हणून नवशिका हात सावकाश चालवितो, आणि तेथेच फसतो. रेंगाळणारी ज्योत फट रुंद करते व खालच्या कडेस मळी चिकटविते.

कापण्याच्या क्रमाकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही. वस्तुतः हा बिनखर्चाचा उपाय आहे. आतील भोके आधी घ्यावीत, बाहेरची रेषा अखेरीस. एका भोकानंतर शेजारचे न घेता पत्र्याच्या दुसऱ्या टोकाकडे जावे, म्हणजे पहिली जागा निवण्यास अवधी मिळतो. बाह्यरेषेत एकदोन बारीक दुवे ठेवून ते शेवटी तोडावेत. वजने ठेवून पत्रा दाबून धरल्यास तो कापताना उचलला जाऊन तोटीला धडकत नाही. परंतु आत राहिलेला ताण वजने काढताच प्रकट होऊ शकतो.

युनियन कार्बाइडच्या रॉबर्ट गेज यांना या पद्धतीचे अमेरिकन पेटंट १९५७ मध्ये मिळाले. ऑक्सिजनच्या ज्योतीस दाद न देणारे अगंज पोलाद व ॲल्युमिनियम हिने कापता येतात. पण अगंज पोलाद साध्या पोलादाच्या सुमारे दीडपट प्रसरते आणि उष्णता त्याच्या तृतीयांशाच्या आसपासच वाहून नेते. त्यामुळे वाकण्यात ते अधिक खट्याळ.

पत्र्याच्या तळाला पाणी लागेल असे टाके खाली ठेवल्यास उष्णता झपाट्याने निघून जाते, धूरही बराच दबतो. ॲल्युमिनियमाच्या बाबतीत मात्र सावध असावे. वितळलेल्या ॲल्युमिनियमाची पाण्याशी क्रिया होऊन हायड्रोजन निर्माण होतो. तो पत्र्याखाली साचला, तर ठिणगीने स्फोट होतो. पाण्यातून हवा सोडून तो विखरून टाकण्याची व्यवस्था नसेल, तर ॲल्युमिनियम पाण्यावर कापू नये.