नानकटाई आणि बारा चिठ्ठ्या

मागच्या दिवाळीत फ्रीगंजमधल्या आमच्या घरी नानकटाईवरून वाद झाला. आजी मैद्यात रवा घालते, काकू बेसन. कुणाची चांगली? परीक्षक मी. ओव्हनच्या ट्रेमध्ये पुढच्या ओळी आजीच्या लावल्या, मागच्या काकूच्या. काकूच्या खालून करपल्या. "बेसन लवकर लागतं," असं म्हणून मी आजीला पहिला नंबर देऊन टाकला. काकू काही बोलली नाही, पण त्यानंतर तिने नानकटाई केलीच नाही.

पुढे एकदा त्याच ट्रेमध्ये एकाच पिठाची बिस्किटं भाजली. मागच्या ओळी पुन्हा करपल्या! दोष बेसनाचा नव्हताच, ओव्हन मागे जास्त तापत होता.

शेतीतही हीच अडचण येते. नव्या वाणाला नेमका कसदार तुकडा मिळाला, तर गुण वाणाचा की जमिनीचा? इंग्लंडचे संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांचा उपाय असा : कुठे काय पेरायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. त्यांच्या १९३५ सालच्या पुस्तकात चहाचा प्रयोग आहे. कपात आधी दूध घातलं की चहा, हे आपण चवीवरून ओळखतो, असा एका बाईंचा दावा. कप आठ, दोन्ही प्रकारचे चार-चार, क्रम नशिबावर सोडलेला. नुसत्या अंदाजाने सगळे बरोबर येण्याची शक्यता ७० मध्ये १.

आपल्या शेजारी इंदूरला, इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत, डॉ. वि. गो. पानसे यांनी कापसावर संशोधन केलं. त्यांनी आणि डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी शेती-संशोधकांसाठी लिहिलेलं संख्याशास्त्राचं पुस्तक १९५४ साली आलं.

मग मीही चिठ्ठ्या केल्या. ट्रेवर १२ जागा, वाटीत १२ अंक. पहिले सहा निघतील त्या जागा आजीच्या, उरलेल्या काकूच्या.

"एक आड एक लाव की!" आजी म्हणाली.

"तसं लावलं तरी सुरुवात कुणापासून करायची ते मीच ठरवणार ना? चिठ्ठीला आजी-काकू कळत नाही."

एखाद्या वेळी चिठ्ठीही एकीलाच मागच्या जागा देईल. शिवाय एकाच गोळ्याच्या सहा नानकटाया म्हणजे सहा पुरावे नव्हेत. त्या दिवशी तूपच जास्त पडलं असलं तर? म्हणून तीन दिवस नवं पीठ, नव्या चिठ्ठ्या. कुठली कुणाची ही यादी फक्त माझ्याकडे, आणि चव घेणारे बाकीचे.

मागच्या जागांवर दोघींच्याही करपल्या. बाकीच्यांत कुणाला रव्याची खुसखुशीत आवडली, कुणाला बेसनाची खमंग. पहिला नंबर कुणालाच देता आला नाही.

मी काकूची माफी मागितली. ती हसली. "आता डबा भरून करते. पण ट्रे मध्येच एकदा फिरवायचा हं!"