मशीन दान केले, आता सांभाळणारा नेमा

रमजानमध्ये जमातीच्या दवाखान्यासाठी देणग्या जमतात. कुणी मरहूम अब्बांच्या नावाने ईसीजी मशीन देते, कुणी अम्मीच्या नावाने मॉनिटर. सदका-ए-जारिया म्हणून दिलेल्या वस्तूवर नावाची पाटी लागते. अशाच एका ट्रस्टच्या दवाखान्यात आम्ही गेलो, तेव्हा पाटी चकचकीत होती आणि मशीन मात्र कोपऱ्यात चादरीखाली पडून होते. बिघाड एवढाच की बॅटरी संपली होती. ती कुणी बदलायची, हे कुणालाच ठाऊक नव्हते.

हे दुखणे एकाच दवाखान्याचे नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २९ राज्यांतल्या सरकारी दवाखान्यांत साडेसात लाखांहून अधिक उपकरणांची मोजणी केली, तेव्हा राज्याराज्यांत १३ ते ३४ टक्के उपकरणे नादुरुस्त आढळली. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागली आणि १० बाळे गेली. रुग्णाजवळची विजेची उपकरणे वेळच्या वेळी तपासण्याची गरज त्या पहाटेनंतर वेगळी सांगायला नको.

दुसरीकडे, आपल्याच घरांतली काही मुले-मुली बायोमेडिकल इंजिनिअरिंग शिकत आहेत. कॉलेजात सर्किट कळते, पण आयसीयूची दारे बंद असतात. नोकरीला गेले की पहिला प्रश्न अनुभवाचा. म्हणून ट्रस्टच्या मंडळींना आमचे सांगणे आहे: शेवटच्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला सहा महिन्यांसाठी रीतसर कामावर घ्या.

त्याने करायचे काय? आधी सर्व उपकरणांचे रजिस्टर बनवायचे: कंपनी, सिरियल नंबर, खरेदीची तारीख, वॉरंटी आणि देखभाल कराराची मुदत. मग ठरलेल्या दिवशी बॅटऱ्या, केबल, प्लग, फिल्टर आणि अर्थिंग तपासायचे, बीपीचे यंत्र बरोबर दाखवते का ते पाहायचे आणि नर्सने सांगितलेली तक्रार लिहून घेऊन कंपनीच्या इंजिनिअरचा पाठपुरावा करायचा. व्हेंटिलेटर किंवा डिफिब्रिलेटर त्याने एकट्याने उघडायचे नाही. एक्स-रे मशीनची गुणवत्ता तपासणी अणुऊर्जा नियामक मंडळाची मान्यता असलेल्या संस्थेकडूनच करून घ्यायची. विद्यार्थ्यावर देखरेख ठेवायला एक अनुभवी माणूस नेमलेला हवा, आणि कामाला लागण्यापूर्वी त्याला हिपॅटायटिस बीची लस मिळालेली हवी.

निवडताना फक्त मार्क पाहू नका. एक साधा प्रश्न विचारा: मॉनिटरवर ऑक्सिजन अचानक खाली दिसला, तर काय कराल? जो म्हणेल, "आधी नर्सला हाक मारून रुग्णाकडे पाहू, मग बोटाचा सेन्सर नीट बसलाय का ते बघू", त्याला घ्या. जो थेट मशीनच्या मागे धावेल, त्याला अजून शिकवावे लागेल.

आता मोबदला. "अनुभव मिळतोय, पैसे कशाला?" हे वाक्य आम्ही अनेकदा ऐकले आहे. घाम वाळण्याआधी मजुरी द्यावी, हे शिकत मोठे झालेल्या आपल्या तोंडी ते शोभत नाही. विद्यार्थ्याला निदान जाण्यायेण्याचे भाडे, जेवण आणि ठरलेला स्टायपेंड द्या, तोही लेखी ठरवून. पदवी झाल्यावर केंद्र सरकारच्या अप्रेंटिस योजनेतून घेता येते. २०१९ च्या नियमांनी पदवीधराला दरमहा किमान ९,००० रुपये ठरवले आणि या किमान रकमेचा अर्धा वाटा सरकार उचलते. सध्याचे दर पश्चिम विभागाच्या अप्रेंटिस प्रशिक्षण मंडळाच्या मुंबईतल्या कार्यालयात कळतील.

आईवडिलांशीही दोन शब्द. मुलगी असेल तर "दवाखान्यात मशीन दुरुस्त करणार?" असे घरातलेच म्हणतात. कामाच्या वेळा, देखरेख करणाऱ्याचे नाव आणि तक्रार कुणाकडे करायची, हे ट्रस्टकडून लेखी मागा, एकदा स्वतः जाऊन पाहून या आणि मग तिला खुशाल जाऊ द्या. प्रसूती कक्षातला मॉनिटर तपासायला मुलगी आली, तर तिथल्या बायकांचाही संकोच कमी होतो.

दान केलेली वस्तू ही अमानत आहे. मशीन चालत राहील तोवर रुग्णाला तिचा फायदा आणि देणाऱ्याला सवाब. येत्या रमजानमध्ये नव्या मशीनची पावती फाडण्याआधी जुन्या मशीनचे रजिस्टर मागून पाहा. ते नसेल, तर यंदाच्या देणगीतून ते लिहिणारा नेमा.