ओझरचे मिग आणि इंजिनाची विद्या

सोव्हिएत संघाची पहिली दोन जेट लढाऊ विमाने, मिग-9 आणि याक-15, 24 एप्रिल 1946 या एकाच दिवशी आकाशात झेपावली. परंतु दोन्हींच्या पोटात पराभूत जर्मनीच्या बनावटीची इंजिने होती आणि ती ताकदीला अपुरी पडत होती. जेट इंजिन समोरची हवा आत ओढून दाबते, तिच्यात इंधन जाळते आणि तप्त वायूचा झोत मागे सोडून विमानाला पुढे रेटते. तत्त्व सोपे असले तरी तापून लाल झालेल्या टर्बाइनच्या पात्यांनी न वाकता, न तडकता फिरत राहावे यासाठी जो मिश्रधातू लागतो, तो बनवण्यातच या विद्येचा कस लागतो. ब्रिटनच्या सरकारने रोल्स-रॉइसची ‘नीन’ इंजिने मॉस्कोला विकू दिली, तेव्हा ही अडचण सुटली. सोव्हिएत अभियंत्यांनी नीनची हुबेहूब नक्कल करून तिला आरडी-45 हे नाव दिले. पुढे व्लादिमिर क्लिमोव्ह यांच्या चमूने त्याच बांधणीतून अधिक जोरकस व्हीके-1 इंजिन घडवले. आर्तेम मिकोयान आणि मिखाईल गुरेविच यांचे मिग-15 डिसेंबर 1947 मध्ये प्रथम उडाले व 1950 च्या अखेरीस कोरियाच्या आकाशात त्याने पाश्चात्त्य वायुदलांना चकित केले, त्यामागे ही उसनी घेऊन स्वतःची केलेली विद्या होती.

महाराष्ट्राचा या घराण्याशी संबंध जुळला तो मिग-21 मुळे. पाकिस्तानला अमेरिकेची एफ-104 विमाने मिळाल्यावर भारताने ऑगस्ट 1962 मध्ये सोव्हिएत संघाशी करार केला. नुसती खरेदी न करता विमान देशातच बनवायचे, हे या कराराचे मर्म होते.  

काम तीन ठिकाणी वाटले गेले: सांगाडा नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील ओझरला, इंजिन ओडिशातील कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला. या नव्या व्यवस्थेचे बंगळूरच्या जुन्या विमान कंपनीशी विलीनीकरण होऊन ऑक्टोबर 1964 मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड, म्हणजेच एचएएल, अस्तित्वात आली. त्या वेळी संरक्षणमंत्री असलेले यशवंतराव चव्हाण 1963 मध्ये नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून आले होते.

ओझरच्या कामगारांनी मिग-21 एफएल हा प्रकार पायरीपायरीने हस्तगत केला. आधी सुट्या भागांची जुळणी, मग मोठे भाग येथेच तयार करणे आणि अखेरीस कच्च्या धातूपासून संपूर्ण विमान, असा हा क्रम होता. धातूपासून येथेच घडलेले पहिले विमान ऑक्टोबर 1970 मध्ये वायुदलाच्या स्वाधीन झाले. द्राक्षांच्या पट्ट्यात आवाजाच्या दुप्पट वेगाने उडणारे यंत्र घडू लागले, ही कामगिरी महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासात मिळायला हवी तेवढी जागा अजून मिळवू शकलेली नाही. एफएलला अंगभूत तोफ नव्हती. 1965 च्या युद्धाने ती उणीव उघडी पाडली, तेव्हा विमानाच्या पोटाखाली 23 मिलिमीटर तोफेची पेटी लावण्यात आली. 14 डिसेंबर 1971 रोजी मिग-21 विमानांनी ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर रॉकेटांचा मारा केला आणि त्याच दिवशी पूर्व पाकिस्तानचे गव्हर्नर मलिक यांनी राजीनामा दिला.

या विमानाने घेतलेले बळीही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवेत. त्रिकोणी पंखामुळे ते फार वेगात उतरवावे लागे आणि तशा वेगाची सवय करून देणारे प्रगत प्रशिक्षण विमान वायुदलाकडे नव्हते. ला फाँटेन समितीने 1982 मध्ये त्याची शिफारस केली, तरी ‘हॉक’ विमानांचा करार व्हायला 2004 साल उजाडले. मिग श्रेणीच्या सर्व विमानांच्या 482 अपघातांत 171 वैमानिक गेल्याचे 2012 मध्ये संसदेत सांगण्यात आले. कित्येक तरुण वैमानिकांच्या मृत्यूला विमानाइतकीच ही दोन दशकांची दिरंगाईही जबाबदार आहे.

परवान्याबरोबर आलेल्या आराखड्यांत भाग कसा घडवायचा हे लिहिलेले असते, तो तसाच का घडवायचा हे नसते. क्लिमोव्ह यांच्या चमूने नीन उकलून हा ‘का’ शोधला आणि त्यातून पुढचे इंजिन काढले. कोरापुटने शेकडो इंजिने बांधली, पण त्यांतून भारतीय लढाऊ इंजिन जन्मले नाही. बंगळूरचे देशी ‘मारुत’ 1961 मध्येच उडाले होते आणि जोरदार इंजिनाअभावीच ते आवाजाच्या दुप्पट वेगापासून दूर राहिले, हे लक्षात घेतले म्हणजे कोरापुटला हुकलेल्या या संधीचे मोल कळते.

26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगडला मिग-21 सेवानिवृत्त झाले. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, 17 ऑक्टोबरला, ओझरच्या धावपट्टीवरून तेथे बनलेल्या पहिल्या तेजस एमके-1ए ने झेप घेतली. त्याचा आराखडा भारतीय आहे. इंजिन अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकचे एफ-404 आहे.