चार सेकंदांचं उड्डाण: स्वतःचं इलेक्ट्रिक आरसी ग्लायडर कसं बनवायचं आणि कसं तपासायचं

आज मोबाईलमधून जरा डोकं वर काढून आकाशाकडे बघू. विषय आहे रिमोटवर उडणारं, छोटी मोटर लावलेलं ग्लायडर. ड्रोन नाही बरं का. ड्रोन चार पंख्यांच्या जोरावर हवेत टांगलेला असतो, मोटर बंद पडली की दगडासारखा खाली. ग्लायडरची मोटर फक्त वर चढण्यापुरती. एकदा उंची मिळाली की मोटर बंद करायची आणि पुढचं काम पंखांवर सोपवायचं.

माझ्या पहिल्या ग्लायडरनं हवेत एकूण चार सेकंद काढले. तीन आठवडे रोज ऑफिसहून आल्यावर बसून बनवलेलं. हातातून सुटलं, नाक वर केलं, क्षणभर थांबलं आणि एका बाजूला कोसळलं. नाकाचा चुरा. ते का पडलं हे समजायला मला पूर्ण संध्याकाळ लागली. तुम्हाला ते दहा मिनिटांत समजावं म्हणून हा लेख.

आधी आकडे, मग कटर

माझ्या मॉडेलचे आकडे देतो, म्हणजे पुढचं गणित सोपं जाईल.

- पंखांची एकूण लांबी: १५०० मिलिमीटर
- पंखाची रुंदी: १८० मिलिमीटर, टोकापर्यंत सारखीच
- पंखाचं क्षेत्रफळ: ०.२७ चौरस मीटर
- बॅटरीसकट वजन: ६५० ग्रॅम

वजनाला क्षेत्रफळानं भागलं की पंखावरचा भार कळतो. इथे तो दर चौरस डेसिमीटरला साधारण २४ ग्रॅम येतो. हा आकडा जितका कमी, तितकं विमान सावकाश उडतं आणि शिकणाऱ्याला विचार करायला तेवढा जास्त वेळ मिळतो. माझं मॉडेल साधारण ताशी २२ किलोमीटरच्या खाली गेलं की पंख उचलणं सोडून देतात. यालाच स्टॉल म्हणतात. म्हणजे सायकल जोरात मारल्याच्या वेगाला ते आरामात तरंगतं.

सामान काय लागतं?

पंखासाठी ५ मिलिमीटरची फोम शीट आणि आतून कार्बनची नळी. बॉडीसाठी कोरोप्लास्ट, म्हणजे जाहिरातींच्या बोर्डांचं ते नालीदार प्लास्टिक. एक सूचना लिहून ठेवा: झटपट चिकटणारा साधा ग्लू थर्माकोलच्या जातीचा फोम विरघळवतो. आधी तुकड्यावर लावून बघा. इपॉक्सी किंवा फार गरम न केलेला हॉट ग्लू चालतो.

इलेक्ट्रॉनिक्स असं:

मोटर. २२१२ आकाराची, १००० केव्हीची ब्रशलेस मोटर. केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नाही! एका व्होल्टला मोटर मोकळी किती फेरे मारेल, तो आकडा. ११.१ व्होल्टवर १००० केव्हीची मोटर मिनिटाला साधारण ११,१०० फेरे मारेल. प्रॉपेलर लावला की अर्थातच कमी.

ईएससी. मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट, ३० अँपिअरचं. हेच बॅटरीतून ५ व्होल्ट काढून रिसिव्हर आणि सर्व्होंना देतं. यात ब्रेक नावाची सेटिंग असते, ती चालू करा. ब्रेक नसेल तर मोटर बंद केल्यावरही प्रॉपेलर वाऱ्यानं फिरत राहतो, आणि फिरता प्रॉपेलर म्हणजे हवेत उघडलेली छत्री. ब्रेक लागला की घडीचा प्रॉपेलर नाकाला चिकटून मिटतो.

सर्व्हो. ९ ग्रॅमचे दोन. एक एलिव्हेटरला, म्हणजे नाक वर-खाली करायला. दुसरा रडरला, म्हणजे वळायला.

बॅटरी. तीन सेलची, १३०० एमएएचची लिपो. वजन ११५ ग्रॅम. हा ११५ चा आकडा लक्षात ठेवा, गोष्टीचा खलनायक तोच आहे.

आता बॅटरी किती पुरते? पूर्ण जोरात मोटर साधारण १३ अँपिअर घेते. १.३ भागिले १३, म्हणजे तासाचा दहावा भाग, सहा मिनिटं. लिपो शेवटच्या थेंबापर्यंत वापरायची नसते, म्हणून पावणेपाच मिनिटं धरा. एका चढाईला २५ सेकंद लागतात, म्हणजे अकरा चढाया. ८० मीटरवरून खाली तरंगत यायला दीड मिनिट सहज लागतं. पाच मिनिटांच्या बॅटरीत वीस मिनिटं आकाश!

पंख वर का वाकवायचे?

माझ्या पंखांना एलेरॉन नाहीत, फक्त रडर आहे. मग विमान तिरकं होऊन वळतं कसं? दोन्ही पंख मुळापासून पाच-पाच अंश वर वाकवलेले असतात, म्हणजे प्रत्येक टोक साधारण ६५ मिलिमीटर उंच. रडर डावीकडे दिलं की नाक डावीकडे फिरतं आणि उजवा पंख थोडा पुढे येतो. वर वाकलेला असल्यामुळे त्याला समोरची हवा जास्त कोनातून लागते, तो जास्त उचलला जातो आणि विमान डावीकडे कलतं. शिवाय वाऱ्याच्या झोतानं एक पंख खाली गेला, तर हीच रचना त्याला परत सरळ करायला मदत करते. हा कोन मोजायला फोनमधलं लेव्हल ॲप झकास चालतं.

माझी चूक: डब्याचं झाकण

आता मुद्द्यावर येतो. विमानाचा गुरुत्वमध्य, आपण सीजी म्हणू, पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण ३० टक्क्यांवर हवा. १८० चे ३० टक्के म्हणजे ५४ मिलिमीटर. मी तो आठवड्याभरापूर्वी नीट जुळवला होता. पण उड्डाणाच्या आदल्या रात्री ईएससीच्या वायर मध्ये येऊन बॅटरीच्या कप्प्याचं झाकण लागेना. मी बॅटरी नऊ सेंटिमीटर मागे सरकवली. झाकण टक्कन लागलं. झोपलो.

गणित करू. ११५ ग्रॅम गुणिले ९० मिलिमीटर, भागिले ६५० ग्रॅम. उत्तर १६ मिलिमीटर. म्हणजे सीजी ५४ वरून ७० वर गेला, रुंदीच्या ३९ टक्क्यांवर. शेपटी जड झालेलं विमान जरा नाक वर झालं की स्वतःहून आणखी वर करतं. वेग मरतो, स्टॉल होतो, खेळ खलास.

माळावर बाबा सोबत आले होते. आयुष्यभर वर्कशॉपमध्ये फिटरचं काम केलेला माणूस. तुकडे गोळा करताना त्यांनी मोडका सांगाडा पंखाखाली दोन बोटांवर धरला. शेपूट लगेच खाली गेली.

"हे घरी बघितलं होतंस का रे?"

"बघितलं होतं बाबा. गेल्या रविवारी."

"आणि त्यानंतर काही हलवलंस?"

मी गप्प. मग झाकणाची गोष्ट सांगितली. ते हसले नाहीत, एवढंच म्हणाले, "म्हणजे तू विमान उडवायला नाही, झाकण लावायला आला होतास."

नोकरीत मी रोज हेच सांगतो की कोडमध्ये एक ओळ बदलली तरी टेस्ट पुन्हा चालवायची. विमानात मात्र ११५ ग्रॅमचा बदल केला आणि टेस्ट चालवली नाही. म्हणून आता नियम: काहीही हललं, तर सीजी पुन्हा. बॅटरी उडताना जशी असेल तशीच ठेवून, झाकण लावून, पंखाखाली ५४ मिलिमीटरवर केलेल्या खुणांवर दोन बोटं. नाक किंचित खाली झुकलं तर उत्तम. सीजी जुळवायला वजन वाढवू नका, आधी बॅटरी सरकवून बघा. मी नवीन नाक बनवताना कप्पाच पुढे लांब केला.

घरातल्या चाचण्या

या सगळ्या चाचण्या प्रॉपेलर काढून करायच्या.

१. आधी ट्रान्समीटर चालू, मग विमानाची बॅटरी. बंद करताना उलट.

२. विमानाच्या मागे उभे राहा. स्टिक स्वतःकडे ओढली की एलिव्हेटरची मागची कड वर गेली पाहिजे. स्टिक डावीकडे, तर रडर डावीकडे. उलटं असेल तर ट्रान्समीटरमध्ये चॅनल रिव्हर्स करा.

३. फेलसेफ लावा. सिग्नल तुटला तर मोटर बंद झालीच पाहिजे. मोटर हळू फिरत असताना ट्रान्समीटर बंद करून बघा. काही रिसिव्हर सेटिंग केलेली नसेल तर शेवटची आज्ञाच धरून ठेवतात, म्हणजे मोटर चालूच राहते.

४. रिसिव्हरची अँटेना कार्बनच्या नळीला चिकटवू नका. कार्बन सिग्नल अडवतो.

माळावर: आधी हातानं

सकाळी लवकर जा, वारा शांत असतो. उंच गवत असेल तर सोन्याहून पिवळं. मोटर बंद ठेवून, वाऱ्याच्या समोर, विमान भाल्यासारखं सरळ सोडा. वर फेकू नका. नाक क्षितिजाच्या किंचित खाली. मित्राला बाजूला उभं करून फोनवर स्लो मोशन व्हिडिओ काढायला सांगा. डोळ्यांना "पडलं" एवढंच दिसतं, व्हिडिओत कारण दिसतं.

- नाक वर, थांबलं, मग कोसळलं: शेपटी जड किंवा एलिव्हेटर जास्त वर.
- सरळ जमिनीत घुसलं: नाक जड किंवा एलिव्हेटर खाली.
- दर वेळी एकाच बाजूला वळलं: पंखाला पीळ आहे किंवा रडर वाकडं.
- सरळ रेषेत हळूहळू उतरलं: शाब्बास!

एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या तर कशामुळे सुधारलं हे कधीच कळणार नाही.

मग मोटरवर

हातातून सोडताना पाऊण थ्रॉटल. ३० मीटर उंची होईपर्यंत वळू नका. मोटर चालू केल्यावर नाक फार वर जात असेल तर मोटर तीनेक अंश खाली झुकवून बसवा. वेग वाढला की पंख जास्त उचलतात, त्याची ही भरपाई.

विमान तुमच्याकडे येत असेल तेव्हा डावं-उजवं उलटं वाटतं. सगळ्यांचंच होतं. सोपी युक्ती: जो पंख खाली झुकलेला दिसतोय, त्या बाजूला स्टिक ढकला. विमान सरळ होईल.

उंची मिळाल्यावर सीजीची खरी परीक्षा घ्या. मोटर बंद, नाक ३० अंश खाली, आणि स्टिक सोडा. झटकन वर उसळलं तर सीजी फार पुढे आहे. आणखी खाली घुसायला लागलं तर मागे आहे, लगेच हळुवार सावरा. सावकाश स्वतःहून वर आलं तर जुळलं. बदल करताना बॅटरी एका वेळी पाच मिलिमीटरपेक्षा जास्त हलवू नका.

आणि घारींकडे लक्ष ठेवा. घार पंख न हलवता गोल फिरतेय, म्हणजे तिथे तापलेल्या जमिनीवरची गरम हवा वर चढतेय. तिच्यापासून अंतर राखून त्या भागात हलकं वळण घ्या. मोटर बंद असताना विमान वर जाताना पहिल्यांदा बघाल, ती सकाळ विसरणार नाही.

बॅटरी आणि कायदा

फोनच्या बॅटरीत संरक्षणाचं सर्किट असतं. आपल्या लिपोमध्ये सहसा ते नसतं, संरक्षण म्हणजे तुम्हीच. भरलेला सेल ४.२ व्होल्ट, उडवताना साधारण ३.५ च्या खाली नेऊ नका, आणि ठेवून द्यायची असेल तर ३.८ वर ठेवा. चार्जिंग बॅलन्स चार्जरनं, १३०० एमएएचला १.३ अँपिअरनं, फरशीवर आणि समोर बसून. रात्री लावून झोपायचं नाही. फुगलेली किंवा आपटून चेपलेली बॅटरी परत वापरायची नाही. माझी त्या दिवशी वाचली असं वाटलं, पण कोपरा दबला होता, म्हणून तिला निरोप दिला.

भारतात ड्रोन नियम २०२१ मध्ये छंदासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवायच्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेलची वेगळी व्याख्या आहे. पण जागेचे नियम आपल्यालाही लागू आहेत. उडवण्याआधी डिजिटल स्काय वर हिरवा, पिवळा, लाल नकाशा बघा. पुण्यासारख्या शहरात विमानतळ आणि लष्करी भाग जवळ असल्यामुळे "मोकळं मैदान दिसलं" एवढं पुरेसं नाही. हिरव्या भागातही १२० मीटरच्या वर जायचं नाही. माणसं, रस्ते आणि विजेच्या तारांपासून लांब. संक्रांतीच्या दिवसांत मांजा असतो, तेव्हा विमान घरीच बरं.

दुसऱ्या प्रयत्नाला बाबा परत आले होते. मी विमान हातात घेतलं, तेव्हा ते काही न बोलता दोन बोटं वर करून उभे राहिले. मी झाकण लावून, खुणांवर बोटं ठेवून दाखवलं. नाक किंचित खाली. मग सोडलं.

बॅटरी संपत आली म्हणून उतरवलं तेव्हा घड्याळात सतरा मिनिटं झाली होती.